जेत्याच्या काव्यातील पराभूत : लॅटिन युद्धकाव्याच्या संदर्भात ‘शिवभारता’चे वाचन

प्रास्ताविक

कवींद्र परमानंद नेवासकर यांचे ‘शिवभारत’ हे सतराव्या शतकातील संस्कृत काव्य स. म. दिवेकर यांनी संपादित करून १९२७ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध झाले. तेव्हापासून आजतागायत या ग्रंथाचे वाचन प्रामुख्याने दोन अंगांनी होत आले आहे. इतिहासाचा अभ्यासक त्याकडे ‘साधन’ म्हणून पाहतो. तिथी, स्थळे, सरदारांची नावे आणि मोहिमांचा क्रम त्यातून उचलतो. शिवजन्मतिथीच्या वादात जेधे शकावलीतील शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेस या काव्याने जो दुजोरा दिला, त्यामुळे त्याचे हे महत्त्व अधिकच दृढ झाले. दुसरीकडे सामान्य वाचक त्याला स्तुतिकाव्य समजून आदरपूर्वक दूर ठेवतो. या दोन्ही वाचनपद्धतींत एक गोष्ट हरवते, आणि ती म्हणजे काव्य. कवीने काय सांगितले याची नोंद होते. ते कोणाच्या मुखातून वदवले, कोठे संकेताचा आश्रय घेतला आणि कोठे संकेत मोडला, याची विचारपूस होत नाही.

प्रस्तुत लेखात ‘शिवभारता’तील युद्धवर्णनांचा, विशेषतः त्यांतील पराभूतांच्या चित्रणाचा विचार केला आहे. त्यासाठी मध्ययुगीन युरोपातील लॅटिन युद्धकाव्याची जोड घेतली आहे. ही जोड वरवर पाहता दूरची वाटेल. परंतु विद्वानांची, धर्माची व राजसभेची भाषा एक आणि प्रत्यक्ष रणांगणावर आरोळ्या देण्याची भाषा दुसरी, ही स्थिती अकराव्या-बाराव्या शतकातील फ्रान्समध्ये जशी होती तशीच सतराव्या शतकातील दख्खनमध्ये होती. हेस्टिंग्जच्या रणात कोणी लॅटिनमध्ये लढले नाही. जावळीच्या रानात कोणी संस्कृतमध्ये लढले नाही. तरीही विजयाची कथा शाश्वत करावयाची तर ती त्या भाषेतच, ही श्रद्धा दोन्हीकडे समान आहे.

अमरावती-अकोल्याच्या वाचकाला या प्रश्नात आणखी एका कारणाने रस वाटावा. ‘शिवभारता’त वऱ्हाड येते ते बहुतांशी दुसऱ्या बाजूने. सिंदखेडचे जाधव आणि माहूरची रायबागन ही दोन नावे या काव्यातील अत्यंत जिवंत प्रसंगांशी निगडित आहेत, आणि दोन्ही प्रसंगांत ती भोसल्यांच्या विरुद्ध पक्षात उभी आहेत. यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ १९२४ साली प्रसिद्ध झाला तेव्हा ‘शिवभारता’ची मुद्रित प्रत उपलब्ध नव्हती. त्यानंतरच्या जवळजवळ शंभर वर्षांत मात्र ही सबब उरलेली नाही.

साधन की काव्य : एका लॅटिन वादाचा धडा

१८२६ साली गेओर्ग हाइन्रिख पेर्त्स या जर्मन विद्वानाला ब्रुसेल्सच्या राजग्रंथालयात एका लॅटिन काव्याचे हस्तलिखित सापडले. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकले, त्या हेस्टिंग्जच्या लढाईचे हे ८३५ ओळींचे वर्णन होते. हस्तलिखितावर कवीचे नाव नव्हते. बाराव्या शतकातील इतिहासकार ऑर्डेरिक व्हायटॅलिस याने मात्र आमियाँचा बिशप गी याने या युद्धावर व्हर्जिल व स्टेशियस यांच्या धर्तीचे काव्य रचल्याचे आणि त्यात हॅरल्डची निंदा व विल्यमची स्तुती केल्याचे नमूद केले आहे. सापडलेले काव्य तेच, असे मानले गेले. पुढे १९७८ साली आर. एच. सी. डेव्हिस यांनी या तर्काला जोरदार हरकत घेतली. हे काव्य समकालीन नाही, नंतरचा एक पंडिती अभ्यास आहे, असे त्यांचे म्हणणे. दोन दशके वाद चालला. १९९९ च्या आपल्या आवृत्तीत फ्रँक बार्लो यांनी पुन्हा गी याचे कर्तृत्व आणि १०६७ च्या सुमाराचा काळ ग्राह्य धरला.

या वादातून लक्षात घेण्याजोगी बाब वेगळीच आहे. काव्य समकालीन ठरले तर ते मौल्यवान, नंतरचे ठरले तर टाकाऊ, असा जणू अलिखित करारच दोन्ही पक्षांत होता. त्यातील चार योद्ध्यांनी मिळून हॅरल्डला ठार केल्याचा प्रसंग खरा की खोटा, एवढ्यावर पाने खर्ची पडली. तो प्रसंग काव्यात असा का येतो, एका राजाला मारण्यासाठी चौघे लागले हे सांगताना कवी नकळत कोणाचे मोठेपण मान्य करतो, हा प्रश्न मागे पडला. विजेत्याच्या स्तुतीसाठी लिहिलेल्या या काव्यात युद्धानंतर विल्यम आपल्या मृतांना पुरतो आणि इंग्रजांची प्रेते मात्र किडे, लांडगे, पक्षी व कुत्रे यांच्या भक्ष्यस्थानी सोडून देतो, हेही स्पष्ट सांगितले आहे. स्तुतिकाव्यात ही ओळ कशासाठी? कवीला ती निंदा वाटली नसेल. शत्रू हा शपथ मोडणारा, म्हणून त्याला हेच योग्य, अशी त्याची धारणा असावी. पण काव्याची भाषा कवीच्या धारणेपेक्षा अधिक प्रामाणिक ठरते, याचे हे उदाहरण आहे.

‘शिवभारता’च्या बाबतीत आपल्याकडे असा वाद झाला नाही, हे एका अर्थी दुर्दैवच म्हणावे लागेल. समकालीनत्व निर्विवाद असल्यामुळे कोणी ते तपासून पाहण्याच्या भानगडीत पडले नाही, आणि साधनाचे प्रमाणपत्र एकदा मिळाल्यावर काव्य म्हणून त्याची छाननी करण्याची गरजही कोणाला भासली नाही. जेम्स लेन व श्री. शं. बहुलकर यांचा इंग्रजी अनुवाद २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर लेन यांच्या दुसऱ्या एका पुस्तकावरून २००३-०४ मध्ये जे घडले, त्याने या काव्याविषयीच्या शांत चर्चेची जागा आणखी आक्रसली.

विद्वद्भाषेचे संकेत

एर्न्स्ट रोबेर्ट कुर्टिउस यांनी १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात असे दाखवून दिले की, लॅटिन मध्ययुगाचे साहित्य हे एका सामायिक भांडारावर उभे आहे. रम्य उपवनाचे वर्णन, वीर व शहाणा यांची जोडी, ‘माझी वाणी अपुरी पडते’ ही कवीची तक्रार, अशी ठरीव स्थाने कवी शाळेत शिके आणि गरजेप्रमाणे वापरी. संस्कृतच्या विद्यार्थ्याला यात नवे काही वाटणार नाही. दिग्विजय कसा वर्णावा, सेना निघताना धूळ कशी आकाश व्यापते, रणात कबंधे कशी नाचतात, हे सारे काव्यशास्त्राने सांगून ठेवले होते आणि ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गाने त्याचा वस्तुपाठ घालून दिला होता. परमानंद हे सारे जाणतो व मुक्तपणे वापरतो. शत्रूच्या प्रस्थानसमयी अपशकुन होतात, देवी प्रकट होऊन नायकाला आश्वासन देते, अवतारकल्पनेच्या चौकटीत सारे चरित्र बसवले जाते.

नावांचेही असेच. पन्हाळ्याचा ‘पर्णाल’ होतो, नेवाशाचे ‘निधिवास’ होते. मोगल हे ‘ताम्र’ ठरतात. हेस्टिंग्जच्या काव्यात नॉर्मन सैन्य ‘गॉल’ बनते, जणू सीझरच्या काळातील लोक पुन्हा समुद्र ओलांडून निघाले आहेत. अशा नामांतराचा परिणाम दुहेरी असतो. प्रसंगाला पुराणाची उंची येते आणि त्याच वेळी त्यातील माणसे त्यांच्या गावापासून, जातगोतापासून व रोजच्या नावापासून तुटतात. अफजलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा मराठी पोवाडा आणि परमानंदाचे त्याच प्रसंगावरील अध्याय शेजारी ठेवले, तर हा फरक चटकन ध्यानात येतो. पोवाड्याचा श्रोता त्या माणसांना ओळखत होता. ‘शिवभारता’चा श्रोता, निदान काव्याच्या चौकटीनुसार, काशीचे पंडित होते. परमानंद काशीस जातो, तेथील पंडित त्याला शिवचरित्र सांगण्याची विनंती करतात व तो सांगू लागतो, अशी या काव्याची मांडणी आहे. दूरच्या, अनोळखी आणि चिकित्सक श्रोत्यांसाठी रचलेल्या कथेत स्थानिक तपशील गळावेत हे स्वाभाविक. आश्चर्य हे की ते सगळे गळलेले नाहीत.

शैलीच्या अंगाने एक मुद्दा येथेच नोंदवावासा वाटतो. वीर व रौद्र रसांसाठी ओजोगुणयुक्त, दीर्घसमासांची रचना शास्त्रकारांनी योग्य मानली. तिचे नाव गौडी. त्याउलट दंडीने ज्या मार्गाच्या दहा गुणांचा गौरव केला आणि वामनाने जिला सर्वगुणसंपन्न म्हटले, ती वैदर्भी रीती. ती प्रसन्न व सुबोध, आणि तिचे नाव या प्रदेशावरून पडलेले. ‘शिवभारत’ युद्धकाव्य असूनही बहुतांश अनुष्टुभ् छंदात, पुराणासारख्या सोप्या वाक्यरचनेत चालते. दीर्घ वृत्ते येतात, पण थोडी. नेवाशाच्या कवीला वैदर्भीचा अभिमान होता असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. पुराणकथनाचा आदर्श समोर असल्याने शैली आपोआप तशी झाली. पण याचा लाभ असा की, युद्धाच्या गदारोळातही बोलणाऱ्या माणसाचे वाक्य स्पष्ट ऐकू येते. गौडीच्या घनगर्जनेत रायबागनचे भाषण बुडून गेले असते.

उंबरखिंडीत रायबागन

१६६१ च्या फेब्रुवारीच्या प्रारंभी शाइस्तेखानाने पुण्याहून करतलबखान या उझबेग सरदाराला कोकणात उतरण्यास धाडले. खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला गाठले. मोगलांच्या या फौजेत रायबागन होती. माहूरच्या उदाराम घराण्यातील ही कर्तबगार स्त्री मोगली मनसबदारीच्या वर्तुळातील होती. माहूर आज नांदेड जिल्ह्यात असले, तरी ‘आइन-ए-अकबरी’च्या काळात गाविल व नरनाळ्याप्रमाणे माहूर हीदेखील वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार होती. तेव्हा गाविलगड-नरनाळ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या वाचकाने तिला आपल्याकडची मानण्यास हरकत नसावी. खानाच्या फौजेतील सरदारांमध्ये गाढे, कोकाटे, जाधव अशी आडनावेही दिसतात. ही यादी मुद्दाम वाचावी अशी आहे. काव्याची चौकट देव-असुर संघर्षाची असली, तरी प्रत्यक्ष फौजेची मोजदाद करताना कवीला ती चौकट सांभाळता आलेली नाही, किंवा त्याने ती सांभाळण्याचा आग्रह धरलेला नाही.

या प्रसंगाचे वर्णन ‘शिवभारता’तील उत्कृष्ट भागांपैकी आहे. येथे धुळीचे लोट नाहीत, रथ-गजांची गर्दी नाही. अरुंद वाट आहे, दाट झाडी आहे, वारा पडलेला आहे, तहान आहे. सैन्य थांबले आहे आणि कोठून मार बसतो हे त्याला कळत नाही. रणवर्णनाच्या ठरीव सामग्रीतील जवळजवळ काहीच येथे उपयोगी पडत नाही, कारण मोकळे रणच नाही. कवीला जागेकडे पाहावे लागते. आणि त्याने पाहिले आहे.

मग खान रायबागनला विचारतो. ती त्याला सांगते की, या अरण्यात सैन्य घातले हीच चूक झाली. ज्याचे हे रान आहे तो सिंहासारखा येथे वावरतो. तुझे लोक आंधळ्यासारखे कोंडले गेले आहेत. तेव्हा विलंब न लावता शरण जा आणि स्वतःसह सैन्याचा जीव वाचव. खान ते ऐकतो, दूत पाठवतो, आणि द्रव्य घेऊन महाराज त्याला अभय देतात.

याचा पहिला अर्थ उघड आहे. शत्रूच्या तोंडून आलेली नायकाची स्तुती दुप्पट मोलाची, हे राजस्तुतीचे जुने तंत्र आहे. लॅटिन कवीही ते सर्रास वापरीत. शिवाय खान ज्या सल्ल्याने वागतो तो एका स्त्रीचा, यातून खानाला कमीपणा आणण्याचाही हेतू असू शकेल. एवढ्यावर थांबले तर रायबागन ही कवीच्या हातातील बाहुली ठरते.

परंतु तिच्या भाषणाचा रोख नीट पाहिला, तर त्यात स्तुतीपेक्षा मसलत अधिक आहे. देशकालाचा विचार, वाटेची माहिती, तहानलेल्या सैन्याची स्थिती, आणि मानापेक्षा प्राण राखण्याचा हिशेब. हे शब्द ज्याला डोंगर-जंगलाचे युद्ध ठाऊक आहे त्याचे आहेत. पैनगंगेच्या खोऱ्यातील, गडाच्या व जंगलाच्या आश्रयाने राहणाऱ्या घराण्यातील स्त्रीच्या तोंडी ते घालताना कवीने पात्राचा औचित्यविचार केला असावा, असे मानण्यास जागा आहे. उझबेग खानाला जे दिसत नाही ते तिला दिसते, कारण ती त्याच मुलखाची आहे. अशा रीतीने उंबरखिंडीत खरा संवाद होतो तो महाराज व खान यांच्यात नसून महाराज व रायबागन यांच्यात, तोही एकमेकांना न भेटता. दोघेच त्या रानाचा अर्थ जाणतात.

येथे हेस्टिंग्जच्या काव्यातील एक प्रसंग तुलनेस घेण्याजोगा आहे. हॅरल्डची आई गिथा विल्यमकडे मुलाचे प्रेत मागते व त्याच्या भारंभार सोने देऊ करते. विल्यम नकार देतो. समुद्राच्या कड्यावर दगडांच्या राशीखाली हॅरल्डला पुरण्याची आज्ञा होते, आणि ज्या किनाऱ्याचे रक्षण त्याला करता आले नाही त्याचाच तो आता पहारेकरी, असा उपरोध त्याच्या थडग्यावर कोरला जातो. दोन्ही काव्यांत पराभूत पक्षातील स्त्री बोलते. एकीला नकार मिळतो, दुसरीचा सल्ला मानला जातो. एकीकडे द्रव्य नाकारले जाते, दुसरीकडे स्वीकारले जाते. नकारामुळे विल्यमची कठोरता सिद्ध होते आणि कवीला ती कौतुकाची वाटते. अभयामुळे शिवाजी महाराजांची क्षमाशीलता सिद्ध होते आणि परमानंदाला ती कौतुकाची वाटते. दोन कवींच्या राजधर्माच्या कल्पनांतील अंतर येथे जेवढे स्पष्ट दिसते, तेवढे त्यांच्या थेट स्तुतीत दिसत नाही. गिथा मात्र दुःखी माता एवढ्यावरच संपते. रायबागनला बुद्धी आहे. चरित्रचित्रण म्हणून परमानंदाचा प्रसंग निःसंशय सरस आहे.

सिंदखेडचे जाधव आणि घरातले युद्ध

‘शिवभारत’ हे नाव रूढ असले, तरी अध्यायांच्या समाप्तीत हे काव्य स्वतःला ‘अनुपुराण’ म्हणवते. तरीही ‘भारत’ हा शब्द उगाच चिकटलेला नाही. महाभारताची छाया या काव्यावर सर्वांत गडद पडते ती त्याच्या आरंभीच्या भागात, जेथे लढणारे एकमेकांचे सोयरे आहेत.

निजामशाही दरबार आटोपून सरदार बाहेर पडत असताना खंडागळ्यांचा हत्ती पिसाळतो. त्याला आवरण्याच्या भरात लखुजी जाधवरावांचा पुत्र दत्ताजी पुढे सरतो. भोसल्यांकडील तरुण खंडागळ्यांच्या बाजूने येतात. पाहता पाहता दत्ताजी पडतो, आणि विठोजी भोसल्यांचा पुत्र संभाजी जाधवांच्या सूडाला बळी पडतो. लखुजी हे जिजाबाईंचे वडील, शहाजीराजांचे सासरे. काव्यातील क्रमानुसार या वैरातून जाधवराव निजामशाही सोडून मोगलांकडे जातात, आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत सासरा एका बाजूस व जावई दुसऱ्या बाजूस अशी स्थिती येते. त्या लढाईत शहाजीराजांचे बंधू शरीफजी पडतात. पुढे १६२९ मध्ये निजामशहाच्या दरबारात दौलताबादेस लखुजींची मुलानातवासह हत्या झाली. तीही या कथेत येते. काव्याच्या नायकाच्या जन्माला तेव्हा अवघे सात महिने उरले होते.

युरोपातील लॅटिन काव्यात याच्या जवळ जाणारी रचना म्हणजे फोंतनुआच्या लढाईवरील आंगेलबेर्टचा शोक. २५ जून ८४१ रोजी शार्लमेनचे नातू एकमेकांशी लढले; आंगेलबेर्ट हा थोरला भाऊ लोथार याच्या, म्हणजे हरलेल्या पक्षाच्या सैन्यात होता. त्याची छोटी लययुक्त कविता कोणाचा विजय गात नाही. तो दिवस वर्षाच्या गणनेतून पुसला जावा, असा शाप ती त्या दिवसाला देते. विजयाचे गीत आणि भाऊबंदकीचा शोक हे दोन वेगळे काव्यप्रकार आहेत याची जाण त्या साध्या सैनिक-कवीला होती.

परमानंदापुढची अडचण मोठी होती. त्याला विजयगीत गायचे होते आणि विजयी वंशाच्या मुळाशी असलेली ही भाऊबंदकी टाळताही येत नव्हती. कारण जाधवांचे रक्त नायकाच्या अंगात होते. त्याने काय केले? हत्तीच्या प्रसंगात त्याने कोणालाच खल ठरवलेले नाही. जाधवही शूर, भोसलेही शूर, आणि अनर्थाचे निमित्त एक पिसाळलेले जनावर. दोष नियतीवर सोपवण्याची ही रीत महाभारताची. राजसभेतील कवीची ती सावधगिरी असेल, आणि काहींना ती पळवाट वाटेल. परिणाम मात्र असा की, सिंदखेडच्या वाड्यासमोर उभा राहून हा अध्याय वाचणाऱ्याला आपण परक्यांच्या काव्यात आलो आहोत असे वाटत नाही.

काव्याच्या कक्षेबाहेरचे

याचा अर्थ ‘शिवभारत’ सर्व पराभूतांना न्याय देते असा नव्हे. शत्रूपक्षातील सरदारांना तेथे भाषणे आहेत. आदिलशहा बोलतो, अफजलखान पत्र लिहितो. घोड्यांच्या टापांखालचा कुणबी आणि लुटलेल्या पेठेतला उदमी यांना त्या मानाने फारच थोडी जागा आहे. या बाबतीत लॅटिन काव्य काही वेगळे नाही. ८८५-८६ च्या उत्तरदेशीयांच्या वेढ्यात पॅरिसमध्ये प्रत्यक्ष अडकलेला आबो हा भिक्षूदेखील आपल्या काव्यात तटावरचे वीर व संतांचे चमत्कार यांतच रमतो, आणि तिसरे प्रकरण तर युद्ध सोडून दुर्मीळ शब्दांत गुंफलेल्या पंडिती उपदेशाला देऊन टाकतो. विद्वद्भाषेचा हा दोषच म्हणावा लागेल. तिला सामान्य माणसासाठी तयार शब्द नसतात आणि नवे घडवण्याची तिला घाई नसते.

वऱ्हाडला प्रत्यक्ष मराठी स्वारीचा अनुभव आला तो १६७० मध्ये कारंजाच्या लुटीच्या रूपाने. परमानंदाचे काव्य १६६१ च्या घटनांपाशी थांबत असल्याने कारंजा त्यात नाही. ते असते तर कवीने काय केले असते, याचे कुतूहल मात्र शिल्लक राहते. कारण श्रीमंत पेठ लुटणे हे दिग्विजयाच्या संकेतात सहज बसते आणि अभयाच्या संकेतात बसत नाही.

लॅटिन परंपरेत विजयाविषयीचा संशय काव्याच्या आतच मुरलेला आहे, कारण तेथे व्हर्जिलइतकाच ल्यूकनही शाळेत शिकवला जाई. बाराव्या शतकात शातियोंच्या वॉल्टरने दहा सर्गांचे ‘अलेक्झांड्रेइस’ लिहिले तेव्हा त्याने शिकंदराची थोरवी गायिली. परंतु विश्वासघाताने मारल्या गेलेल्या दारियसच्या थडग्याचे वर्णन त्याने जिव्हाळ्याने केले, आणि अखेरच्या सर्गात खुद्द निसर्गदेवतेला पाताळात पाठवून जेत्याच्या हावेविरुद्ध फिर्याद करावयास लावले. हे काव्य पुढे शाळांमधून पाठ्यपुस्तक म्हणून शिकवले गेले. ‘शिवभारता’त अशी फिर्याद नाही आणि ती अपेक्षिणेही गैर, तो कवी जिवंत राजाच्या आज्ञेने व पदरी राहून लिहीत होता, वॉल्टरचा नायक मरून पंधरा शतके लोटली होती. तुलना करताना हे अंतर विसरले, की तुलनेचा खेळ होतो.

विरुद्ध बाजूचा आवाज शोधायचा तर तो दुसऱ्या काव्यात शोधावा लागेल, आणि तो उपलब्ध आहे. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाचा राजकवी नुसरती याचे ‘अलीनामा’ हे दखनी काव्य त्याच दशकातले. १६६० चा पन्हाळ्याचा वेढा दोन्ही काव्यांत आहे. एका काव्यात निसटलेला वीर, दुसऱ्यात हाती आलेला गड. त्याआधीच्या शतकात तालीकोटच्या १५६५ च्या विजयावर अहमदनगरच्या दरबारी आफताबी या कवीने फारसीत ‘तारीफ-ए-हुसेनशाह’ रचले. त्याचे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातच आहे. जयराम पिंड्ये याचे ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे १६७३ च्या पन्हाळा विजयावरील पाच अध्यायांचे संस्कृत काव्यही दिवेकरांनीच संपादित केले. म्हणजे तेरा वर्षांच्या अंतराने एकाच गडावर तीन कवी, दोन दरबार आणि दोन भाषा. युरोपातही एका किल्ल्याभोवती इतकी काव्यसामग्री सहसा आढळणार नाही.

ही सामग्री एका विषयाच्या अध्यापकाला पेलणारी नाही, हे उघड आहे. संस्कृतच्या अध्यापकाला नुसरती वाचता येत नाही, उर्दूच्या अध्यापकाला परमानंद. इतिहासाचा अध्यापक दोन्ही अनुवादांवर विसंबतो आणि मराठीचा अध्यापक पोवाड्यापाशी थांबतो. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयीन वर्तुळात मात्र हे सारे विषय शिकवले जातात. शिवाजी महाराजांचे नाव धारण करणारी संस्था डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत उभी केल्याला नव्वदांहून अधिक वर्षे झाली. या मुलखातील एखाद्या स्टाफरूममध्ये उंबरखिंडीचे दोन अध्याय आणि ‘अलीनाम्या’तील पन्हाळ्याचा भाग चार विषयांच्या अध्यापकांनी शेजारी बसून वाचणे, यासाठी अनुदानाची वा स्वतंत्र विभागाची आवश्यकता नाही. सत्रातील चार शनिवार पुरतील.

राहता राहिला ग्रंथाच्या समाप्तीचा प्रश्न. ‘शिवभारत’ एकतीस अध्यायांनंतर बत्तिसाव्याच्या नऊ श्लोकांवर तुटते. काव्य अपुरे राहिले की पुढील भाग नष्ट झाला, याचा उलगडा उपलब्ध प्रतींवरून होत नाही. हेस्टिंग्जच्या काव्याचे हस्तलिखितही असेच मध्येच थांबते. १०६६ च्या नाताळात विल्यमच्या राज्याभिषेकाचा विधी चालू आहे आणि तो पुरा होण्याआधीच ओळी संपतात. परमानंदाची कथा थांबते तेव्हा रायगडावरील राज्याभिषेकाला अद्याप तेरा वर्षे अवकाश होता.